कितव्या नंबरला? परदेशी बिझनेस स्कूलच्या याद्या आणि आपली वाचायची सवय

या व्याख्यानमालेत आजवर आम्ही कादंबऱ्यांवर बोललो, आत्मचरित्रांवर बोललो, एकदा पाठ्यपुस्तकांवरही बोललो. आज समीक्षेला घेतलेलं लिखाण नांदेड-लातूरच्या कितीतरी घरांत कुठल्याही कादंबरीपेक्षा जास्त बारकाईने वाचलं जातं, आणि त्याच्यावर विसंबून घर गहाण पडतं. परदेशातल्या बिझनेस स्कूलची क्रमवारी, त्यांचं माहितीपत्रक आणि त्यांचा नोकऱ्यांचा वार्षिक अहवाल. हे मजकूर इंग्रजीत असतात, सूर खात्रीचा असतो, आणि त्यात लिहिलेलं बहुतेक खरंही असतं. खोटं असतं तर काम सोपं होतं. खरे आकडे वाचणाऱ्याला कसे फसवतात, हे आज बघायचं आहे.

आमच्याकडे असे कागद घेऊन लेकरं येतात, सोबत आईवडील येतात. पहिला प्रश्न ठरलेला. "सर, हे कितव्या नंबरला आहे?" फी किती, शिकवतात काय, परत आल्यावर पुढे काय, हे सगळं नंतर. आधी नंबर.

हा प्रश्न कुठून आला ते आपल्याला माहीत आहे. लातूर विभागीय मंडळात लातूर, नांदेड आणि धाराशिव येतात. मंडळाने गुणवत्ता यादी बंद करून बरीच वर्षं झाली, पण यादी आपल्या डोक्यातून गेलेली नाही. ऐंशीच्या दशकापासून लातूरच्या राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांत जादा तास आणि सराव परीक्षांची जी घडी बसली, तिला 'लातूर पॅटर्न' हे नाव पडलं. नांदेडने तीच रीत उचलली. त्या पॅटर्नला नावं ठेवायची हल्ली पद्धत आहे. आम्ही ठेवणार नाही. अहमदपूर, औसा, मुखेड, देगलूरकडच्या शेतकऱ्यांची लेकरं मुंबई-पुण्याच्या मेडिकल कॉलेजांत जाऊन बसली ती या रीतीमुळे. ज्यांच्या घरात तीन पिढ्या डॉक्टर आहेत त्यांनी या मुलांच्या पाठांतराला हसावं, हे आम्हाला कधी पटलं नाही.

पण त्या रीतीने एक गोष्ट शिकवली नाही, कारण तिथे तिची गरजच नव्हती. निवडायचं कसं? गुण आले की कॅप राउंडचा अर्ज भरायचा, मागच्या वर्षीचा कटऑफ बघायचा, वरून खाली नावं लिहीत जायची, आणि संगणक पाठवेल तिथे बॅग घेऊन जायचं. यात चूक काहीच नाही. सरकारी मेडिकल कॉलेज लातूरचं असो की नांदेडचं, अभ्यासक्रम एक, पदवी एक, फी जवळपास एक. वस्तू सारखी असेल तर क्रमाने उचलली तरी चालते. बिझनेस स्कूलचं तसं नाही. दोन संस्थांच्या पदवीचं नाव एक असतं आणि आतला माल, मुदत, किंमत, देश, गिऱ्हाईक सगळं वेगळं असतं. तिथे आपण कॅप राउंडची सवय घेऊन जातो.

आता ती यादी उघडू. लंडनचं 'फायनान्शियल टाइम्स' हे वर्तमानपत्र १९९९ पासून पूर्णवेळ एमबीएची जागतिक क्रमवारी छापतं. आपल्याकडे 'वर्ल्ड रँकिंग' म्हणून जे स्क्रीनशॉट फिरतात त्यात हिचा मान मोठा. ही क्रमवारी काय मोजते? पदवी घेऊन तीन वर्षं झालेल्या माजी विद्यार्थ्यांना प्रश्नावली जाते. त्यांचा पगार आणि एमबीएच्या आधीपेक्षा पगारात झालेली वाढ, या दोनच गोष्टींना पूर्वी एकूण ४० टक्के वजन होतं. अलीकडे ते सुमारे एक तृतीयांशावर आलं आहे. बाकीचं संशोधन, प्राध्यापकांत आणि विद्यार्थ्यांत किती देशांचे लोक, किती स्त्रिया, असं वाटलेलं असतं. इथवर ठीक.

आता पगाराच्या रकान्याखालची बारीक अक्षरं वाचा. एक, ना-नफा संस्थांत आणि सरकारी सेवेत गेलेल्यांचे पगार या सरासरीत धरत नाहीत. दोन, हे डॉलर बँकेतले डॉलर नाहीत. प्रत्येक देशातल्या पगाराचं तिथल्या क्रयशक्तीनुसार रूपांतर केलेलं असतं. आपल्या अडचणीची गोष्ट ही आहे. क्रयशक्तीच्या हिशोबात एक डॉलर आपल्याला वीस-बावीस रुपयांना पडतो. म्हणजे एमबीए करून भारतात परतलेल्या माणसाला वर्षाला ३५ लाख रुपये मिळत असतील, तर त्या रकान्यात तो दीड लाख डॉलरच्याही वर दिसतो. बँकेच्या दराने तेच पैसे चाळीस हजार डॉलरच्या आत येतात. वर्तमानपत्राने फसवलं का? नाही. त्यांनी पद्धत उघड छापलेली आहे, आणि जीवनमानाची तुलना करायला ती योग्यही आहे. पण ज्याला डॉलरच्या फीसाठी काढलेलं कर्ज रुपयांच्या पगारातून फेडायचं आहे, त्याच्या हप्त्याचं रूपांतर क्रयशक्तीनुसार कोणी करून देत नाही. हप्ता रोख असतो.

आणि सरासरी म्हणजे तरी कोणाची? वर्गात येण्याआधीच न्यूयॉर्कच्या बँकेत चार वर्षं काढलेला मुलगा आणि एसजीजीएसमधून इंजिनिअर होऊन हिंजवडीत टेस्टिंग केलेली मुलगी एकाच सरासरीत बसतात. त्या मुलाचा पगार शाळेने घडवला की त्याने तो सोबतच आणला होता, हे यादीला विचारता येत नाही. आपल्याकडे हे समजायला जड जाऊ नये. अकरावीला पंचाण्णव टक्क्यांचीच मुलं घेणाऱ्या कॉलेजचा बारावीचा निकाल चांगला लागला, की त्यात कॉलेजचं किती आणि मुलांचं किती, हा वाद लातूरच्या ट्यूशन एरियातल्या चहाच्या टपरीवर रोज चालतो. तोच प्रश्न लंडनच्या यादीला विचारायला आपली जीभ का अडखळते?

यादीपेक्षा उपयोगाचा मजकूर दुसरा आहे आणि तो फार कमी लोक वाचतात. संस्थेचा एम्प्लॉयमेंट रिपोर्ट. बहुतेक मोठ्या संस्था तो दरवर्षी वेबसाइटवर टाकतात. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत टक्के असतात: पदवीनंतर तीन महिन्यांत इतक्या टक्क्यांना नोकरी. ते पान बाजूला ठेवा. बारीक तक्त्यात विद्यार्थ्यांचे आधी दोन गट केलेले असतात, नोकरी शोधणारे आणि न शोधणारे. कंपनीने पाठवलेले, स्वतःचा धंदा काढणारे, घरच्या व्यवसायात जाणारे हे दुसऱ्या गटात. टक्केवारी निघते ती फक्त पहिल्या गटावर. तेव्हा पहिल्यांदा छेद बघायचा, मग टक्के.

त्याच्याही खाली, अमेरिकेतल्या बऱ्याच संस्थांच्या अहवालात एक ओळ असते. तिथे काम करण्याचा कायमचा परवाना असलेले विद्यार्थी, आणि नसलेले. दोघांचे टक्के वेगळे दिलेले असतात. नांदेडच्या मुलासाठी त्या सगळ्या पुस्तिकेत एवढी एक ओळ लिहिलेली आहे. बाकीचं पुस्तक दुसऱ्यांसाठी आहे. आम्ही कोणाला ती ओळ दाखवली की पहिली प्रतिक्रिया येते, "सर, हे तर आम्हाला सेमिनारमध्ये कुणी सांगितलंच नाही." कसं सांगतील? आणि एखाद्या संस्थेच्या अहवालात ही फोड नसेल, तर प्रवेश विभागाला ईमेल करून मागायची. उत्तर आलं नाही तर तेही उत्तरच समजायचं.

मोठ्या नावाने हा प्रश्न मिटतो असंही नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूल १९०८ पासून चालू आहे, तिच्यापेक्षा मोठं नाव या धंद्यात नाही. तिथल्या २०२४ च्या तुकडीतले नोकरी शोधणारे २३ टक्के विद्यार्थी पदवीनंतर तीन महिने झाले तरी नोकरीविना होते. २०२२ मध्ये हाच आकडा १० टक्के होता. याचा अर्थ हार्वर्ड वाईट झालं असा काढू नका. तिथली मुलं थांबू शकतात, हवी ती नोकरी येईपर्यंत घरी बसू शकतात. ज्याच्या डोक्यावर हप्ता आहे त्याने मात्र थांबणं परवडतं का, हे आधी मोजलेलं बरं.

एक गोष्ट घाईने सांगून टाकतो, कारण ती साधी आहे आणि तिच्यावरच सगळ्यात जास्त पैसे बुडतात. आपल्याकडे परदेशातल्या व्यवस्थापनाच्या कुठल्याही शिक्षणाला 'फॉरेनचं एमबीए' म्हणतात. बी.कॉम. होऊन थेट ब्रिटनला गेलेला मुलगा बहुधा एमबीएला जात नाही, तो एम.एस्सी. मॅनेजमेंट किंवा इंटरनॅशनल बिझनेस करायला जातो. ते शिक्षण वाईट आहे असं आमचं म्हणणं नाही. पण खरं पूर्णवेळ एमबीए हे काम केलेल्या माणसांसाठी असतं. वर्गातला सरासरी अनुभव चार-पाच वर्षांचा असतो, आणि अॅम्बा ही ब्रिटिश संस्था ज्या एमबीएला मान्यता देते तिथे किमान तीन वर्षांच्या अनुभवाची अट आहे. अनुभव नसलेल्या मुलाला कोणी आनंदाने एमबीएला प्रवेश देत असेल, तर त्या वर्गात त्याच्या शेजारी कोण बसणार आहे हे त्यातच कळलं. एमबीएत निम्मं शिक्षण शेजारच्याकडून होतं.

आता पैशाकडे येऊ. इथे मराठवाड्याची गोष्ट पुण्या-मुंबईपेक्षा वेगळी आहे.

अमेरिकेतल्या वरच्या संस्थांची नुसती ट्युशन फी वर्षाला पाऊण लाख डॉलरच्या पुढे गेली आहे, आणि तिथला अभ्यासक्रम दोन वर्षांचा. इन्सियाडचा दहा महिन्यांचा आहे, फी लाख युरोच्या घरात. 'पूर्णवेळ' या शब्दाचा अर्थ असा की ही फी भरताना चालू नोकरीही सोडायची. तो बुडालेला पगार माहितीपत्रकाच्या खर्चाच्या तक्त्यात कुठेच नसतो. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात मधल्या उन्हाळ्यात इंटर्नशिप मिळते. ज्याला आयटी सोडून वेगळ्याच क्षेत्रात शिरायचं आहे त्याला ती लागते, आणि ज्याला आहे त्याच क्षेत्रात वर सरकायचं आहे त्याने त्यासाठी एक जादा वर्ष का द्यावं?

सरकारी बँका साधारणपणे साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागतात. शेतजमीन तारण म्हणून बहुधा चालत नाही, कारण २००२ च्या ज्या सरफेसी कायद्याने बँका तारणावर जप्ती आणतात तो शेतजमिनीला लागू होत नाही. म्हणजे दहा एकरांचा सातबारा असलेला बाप बँकेत मोकळ्या हाताने बसतो, आणि गावात एनए प्लॉट किंवा शहरात फ्लॅट असलेल्या मामाचा, चुलत्याचा कागद लागतो. मामाचा कागद एकदा बँकेत गेला की मामाच्या दुकानाचं पुढचं कर्ज, त्याच्या पोरीचं लग्न, सगळं त्या परदेशातल्या नोकरीशी बांधलं जातं. नाहीतर मग एखादा तुकडा विकायचा. खाजगी वित्तसंस्था तारणाशिवाय देतात, पण व्याज चढं असतं. ८० लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता सुमारे १ लाख ८ हजार बसतो. शिकत असताना चढलेलं व्याज वेगळं.

आणि रुपया जागेवर राहत नाही. २०११ च्या मध्यावर डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता; २०२५ च्या डिसेंबरात त्याने नव्वदी ओलांडली. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची पहिल्या वर्षाची फी एका दराने जाते, दुसऱ्या वर्षाची दुसऱ्या. पदवीनंतर डॉलरमध्ये कमाई झाली तर ही घसरण फायद्याची, रुपयात झाली तर गळ्याशी.

या ठिकाणी डॉ. आंबेडकरांची आठवण होणं साहजिक आहे. त्यांचं परदेशी शिक्षण आपण फार भक्तिभावाने सांगतो आणि त्यातला व्यवहार सांगत नाही. १९१३ मध्ये ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. त्या शिष्यवृत्तीला करार होता: परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी. १९१७ मध्ये मुदत संपली, लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं, आणि बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळू दिली गेली नाही, हे आपण जाणतो. पुढे १९१८ ला ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. हे वाणिज्य शिक्षणाचं आशियातलं पहिलं कॉलेज, स्थापना १९१३ ची, म्हणजे ते कोलंबियाला गेले त्याच वर्षीची. पगारातून पैसे साठवले, मित्र नवल भथेना यांच्याकडून ५,००० रुपये उसने घेतले, शाहू महाराजांनी मदत केली, आणि १९२० च्या जुलैत ते पुन्हा लंडनला गेले. हातात रुपये, खर्च पौंडात. आणि ते तिथे राहत असताना पुढच्या वर्षभरात रुपया घसरत गेला. त्याच लंडनमध्ये त्यांनी डी.एस्सी.चा जो प्रबंध लिहिला, जो १९२३ मध्ये पुस्तकरूपाने आला, तो रुपयाच्या प्रश्नावर. हा विषय ग्रंथालयाइतकाच खोलीच्या भाड्यातूनही त्यांना कळत असणार, असं आम्हाला वाटतं. हा आमचा तर्क आहे, तसाच घ्या.

त्यांच्या वेळी कुठली क्रमवारी नव्हती. कोलंबियात त्यांनी अर्थशास्त्राच्या जोडीला समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र, ड्युईंचं तत्त्वज्ञान असे कितीतरी वर्ग केले. लंडनला एडविन कॅनन मार्गदर्शक. ते शिक्षणाकडे विषय आणि माणसं बघून जात होते. आणि कराराचं ओझं काय असतं तेही त्यांना पुरतं ठाऊक होतं. आजच्या मुलाचा करार बँकेशी असतो आणि तोही बहुधा दहा वर्षांचाच असतो, फक्त त्याला कोणी करार म्हणत नाही.

शिष्यवृत्तीचा विषय निघालाच आहे तर सरकारच्याही यादीबद्दल बोलू. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, ७५ जागांची. सारथीमार्फत मराठा विद्यार्थ्यांसाठी अलीकडे निघालेल्या योजनेला सयाजीरावांचं नाव आहे. योजना मोलाच्या आहेत. फी आणि निर्वाह भत्ता दोन्ही मिळतं, आणि मामाचा कागद बँकेत जात नाही. पण पात्रता ठरते ती क्यूएसच्या जागतिक क्रमवारीवरून. ही यादी संपूर्ण विद्यापीठांची आहे. विद्यापीठ वर येतं ते भौतिकशास्त्राच्या, वैद्यकाच्या संशोधनावर, जगभरच्या प्राध्यापकांनी दिलेल्या मतांवर. त्याच्या आवारातला व्यवस्थापन विभाग कसा आहे याच्याशी त्या नंबरचा संबंध फार थोडा. उलट इन्सियाड किंवा लंडन बिझनेस स्कूल यांसारख्या फक्त व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्था त्या मुख्य यादीत येतच नाहीत. म्हणजे जी यादी बिझनेस स्कूल मोजतच नाही, तिच्यावरून आपण बिझनेस स्कूलला जाणाऱ्याची पात्रता ठरवतो. सयाजीराव आणि शाहू महाराज यांनी माणूस पारखून मदत केली. त्यांच्या नावाच्या योजनेत नंबर पारखला जातो. सरकारला एक निकष लागतो हे मान्य. पण व्यवस्थापनासाठी विषयवार यादी घेता येते, क्यूएसचीच आहे. अटी दरवर्षी बदलतात, तेव्हा अर्ज करणाऱ्याने त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी, मित्राच्या व्हॉट्सअॅपवर जाऊ नये.

व्हिसाबद्दल थोडक्यात, कारण हे नियम आज सांगावेत आणि उद्या बदलावेत असे आहेत. अमेरिकेत पदवीनंतर १२ महिने काम करता येतं. अभ्यासक्रम 'स्टेम' गटात नोंदलेला असेल तर आणखी २४. एकाच यादीत शेजारी-शेजारी असलेल्या दोन संस्थांत हा दोन वर्षांचा फरक असू शकतो, आणि नंबरात तो दिसत नाही. पुढे एच-वन-बीसाठी वर्षाला ८५,००० जागा आणि सोडत. २०२५ च्या सप्टेंबरात नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी जाहीर झाली, ऑक्टोबरात खुलासा आला की तिथेच शिकत असलेल्यांनी व्हिसाचा प्रकार बदलून घेतला तर ती लागणार नाही. त्या एका महिन्यात इथल्या किती घरांत झोप नव्हती ते आम्ही पाहिलं आहे. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२४ पासून अशा शिकवणी-अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्याला नवरा-बायको, मुलं सोबत नेता येत नाहीत. एमबीएला जाणारा माणूस अठ्ठावीस-तिशीचा असतो, आपल्याकडे तोवर लग्न झालेलं असतं, तेव्हा हा नियम बारीक नाही. पदवीनंतर राहायची दोन वर्षांची मुभाही दीड वर्षावर आणण्याचं तिथल्या सरकारने २०२५ मध्ये जाहीर केलं.

मग यादी फेकून द्यायची तर निवडायचं कशावरून? एक उदाहरण घेऊ. लातूरच्या दालमिलवाल्याचा मुलगा. असे दोघे-तिघे दरवर्षी भेटतात. वडिलांना वाटतं लेकराने लंडनला जावं, यादीत लंडन वर आहे. पण त्याला नोकरी करायचीच नाही. तो परत येऊन मिल सांभाळणार. आपण मघाशी पाहिलं, तो अहवालाच्या 'न शोधणारे' या गटातला. पगाराचा रकाना त्याच्यासाठी कोराच आहे. त्याला काय हवंय? २०२३ च्या डिसेंबरात केंद्राने पिवळ्या वाटाण्याची आयात शुल्कमुक्त केली, तेव्हा तुरीच्या बाजारावर त्याची सावली कशी पडली हे लातूरच्या आडत्यांना वेगळं सांगायला नको. २०२५ च्या नोव्हेंबरपासून पुन्हा ३० टक्के शुल्क बसलं. तो वाटाणा येतो कुठून? बराचसा कॅनडातून, तिथल्या सस्कॅचेवान प्रांतातून, मसूरही तिथलाच. त्या प्रांताच्या सस्कटून शहरात विद्यापीठ आहे, त्यात डाळवर्गीय पिकांच्या जाती विकसित करणारं केंद्र आहे, आणि त्याच विद्यापीठाची एडवर्ड्स ही बिझनेस स्कूलही आहे. फायनान्शियल टाइम्सच्या पहिल्या शंभरात तिला शोधू नका. पण लातूरच्या डाळीच्या भावाचा दुसरा टोक जिथे आहे, तिथे एक वर्ष राहून त्या व्यापाऱ्यांना, त्या साठवणुकीला, त्या बंदराच्या वाटेला जवळून पाहणं या मुलाला लंडनच्या शेअरबाजाराच्या वर्गापेक्षा उपयोगी पडेल की नाही?

तिथेच जा असा आमचा सल्ला नाही. थंडी उणे तीसला जाते, आणि कदाचित त्या मुलाला एमबीएपेक्षा तिथल्या एखाद्या निर्यातदाराकडे सहा महिने काढणं स्वस्त पडेल. सांगायचं एवढंच की प्रश्न बदलला की यादी बदलते. एसजीजीएसची जी इंजिनिअर मुलगी आयटीतून बाहेर पडू पाहते तिची यादी तिसरीच निघेल, आणि त्यात अहमदाबादच्या आयआयएमचं नावही आलं पाहिजे. १९६१ ची ही संस्था हार्वर्डच्याच सहकार्याने उभी राहिली, दोन वर्षांची फी पंचवीस लाखांच्या आसपास, आणि रुपयाच्या घसरणीशी संबंध नाही.

राहिले ते मोफत समुपदेशनवाले. हॉटेलच्या हॉलमध्ये चहा-बिस्किटं देऊन जी बैठक होते तिचा खर्च कोण करतं? परदेशी विद्यापीठं प्रवेशामागे एजंटाला कमिशन देतात. हे गुपित नाही, बेकायदाही नाही. पण त्याच्या यादीत कमिशन न देणारी संस्था येणार कशी? आणि नामांकित पूर्णवेळ एमबीए संस्थांना बहुधा एजंट लागतच नाही. ही मंडळी निबंधही लिहून देतात, 'हीच संस्था का' या प्रश्नाचं उत्तर. असे पाच-पंचवीस निबंध आम्ही वाचले आहेत. सगळ्यांना लहानपणापासून नेतृत्वाची आवड, सगळ्यांचे आजोबा दूरदर्शी. एकाही निबंधात सोयाबीन नाही, दुष्काळ नाही, ट्यूशनच्या मेसमधली दोन वर्षं नाहीत. ज्या मुलाने स्वतःच्या हाताने 'हीच संस्था का' लिहिलं, त्याने निवडही तिथेच केलेली असते. तो कागद विकत आणला तर निवडही दुसऱ्याचीच होते.

(श्रोत्यांतून एक पालक: सर, माझ्या मुलीला पुण्यात आयटीत चार वर्षं झालीत. अमेरिकेतल्या एका कॉलेजचा प्रवेश आला, फीत थोडी सवलतही दिली. डिपॉझिट भरायची मुदत शुक्रवारी आहे. यादीत ते पस्तिसाव्या नंबरला आहे. भरावं का?)

काका, मुलगी आली आहे का सोबत? नाही? मग आज रात्री तिला फोन करा आणि हे तिलाच करू द्या. पहिलं, कॉलेजला उद्याच ईमेल करायचा की मुदत दोन आठवडे वाढवून द्या. विचारलं म्हणून प्रवेश कोणी काढून घेत नाही, आणि बऱ्याचदा वाढवून मिळते. त्याच ईमेलमध्ये सवलत वाढवता येईल का हेही विचारायचं. दुसरं, मघाशी सांगितलेली ती ओळ मागायची, परवाना नसलेल्यांपैकी किती जणांना नोकरी लागली, आणि अभ्यासक्रम 'स्टेम'मध्ये आहे का. तिसरं, गेल्या दोन वर्षांत तिथून बाहेर पडलेली, भारतातून गेलेली तीन माणसं लिंक्डइनवर शोधायची. कॉलेज ज्यांची नावं देईल ती नकोत. तिने स्वतः शोधलेली हवीत. त्यांना एकच विचारायचं, हप्ता किती आणि तो कुठल्या पैशातून जातोय. आणि तुमच्याकडे तारणाचा कागद कोणाचा आहे? मेहुण्यांचा? मग त्या फोनवर त्यांनाही घ्या.